अजिंक्यतारा, चाळीस पहाटा आणि आणखी उशिरा गेलेली झोप

निशिगंधा_सातारा | १२ जानेवारी, रात्री १२:५२

साताऱ्यात पहाटे साडेपाचला अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागलं की निम्मं गाव भेटतं. कानटोप्या, मफलर, खिशातल्या मोबाईलवर भजन लावलेले आजोबा, आणि मी. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी सलग चाळीस दिवस गड चढले. व्यायामाची हौस वगैरे काही नव्हती. "पहाटे उठायला लाग, रात्री आपोआप झोप येईल" यावर सासर, माहेर, शेजार आणि दोन डॉक्टर यांचं एकमत झालं होतं, म्हणून. चाळिसाव्या दिवशी वही काढून बघितली तर झोप लागायची वेळ साडेतीनवरून सव्वाचारला गेली होती.

असं का झालं ते शोधण्यात पुढचं दीड वर्ष गेलं. त्याचा हा धागा. मी डॉक्टर नाही, घरून जीएसटीची कामं करते. (आज अकरा तारीख, म्हणजे रिटर्नची मुदत होती, त्यामुळे वेळेकडे बघून लगेच शेरे मारू नका.)

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मला निद्रानाश नाही. सुट्टीच्या दिवशी कुणी उठवलं नाही तर मी साडेतीनला झोपते आणि अकराला टुणकन उठते. मध्ये एकदाही जाग नाही, उठल्यावर डोकं स्वच्छ. पण रात्री अकराला आडवी झाले तर चार तास छताकडे बघायचं. शाळेत पहिल्या तासाला मी वर्गात असायचे ती नावापुरतीच. मॉर्निंग कॉलेजची तीन वर्षं कशी गेली ते आठवत नाही, खरंच आठवत नाही. लग्नानंतर "सून दहाला उठते" ही बातमी पेठेत माझ्या आधी पोचली होती. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली. गोळीने ग्लानी यायची, पण घड्याळ जागचं हलायचं नाही. गोळी सोडली की पुन्हा साडेतीन.

बाबांचंही असंच होतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते आणि लोक ज्या रात्रपाळीला नाकं मुरडायचे ती ते मागून घ्यायचे. आम्हाला वाटायचं, भत्त्यासाठी.

या प्रकाराला डिलेड स्लीप फेज म्हणतात. झोप चांगली असते, फक्त चुकीच्या वेळेला असते. १९८१ मध्ये वाइट्झमन, चाइस्लर वगैरे मंडळींनी न्यूयॉर्कमध्ये त्याचं पहिलं नीट वर्णन केलं. त्यांचा उपायही गमतीचा होता. झोप अलीकडे येत नाही ना, मग रोज तीन तास पुढे ढकला. आज चारला, उद्या सातला, परवा सकाळी दहाला, असं करत आठवडाभरात घड्याळाला वळसा घालून रात्री अकरावर या आणि तिथे थांबा. मी हे सासूबाईंना समजावून सांगायचा विचार केला आणि सोडून दिला. शिवाय काही जणांचं घड्याळ त्यानंतर थांबतच नाही, रोज पुढे पुढे सरकत राहतं असंही आढळलं आहे. तेव्हा घरच्या घरी कुणी करू नका.

आता गडाचं कोडं. मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक ठिपका आहे. सुप्राकायझमॅटिक न्यूक्लियस. शरीराचं मुख्य घड्याळ ते. माणसाचं हे घड्याळ सरासरी २४ तास १० मिनिटांच्या आसपास चालतं. म्हणजे ते रोज थोडं मागे पडतं आणि उजेड रोज त्याला चावी देऊन जागेवर आणतो. पण उजेड कधी मिळतो यावर चावी कुठल्या दिशेने फिरणार ते ठरतं. हे मला माहीत नव्हतं, आणि मला गडावर पाठवणाऱ्यांपैकीही कुणाला नव्हतं.

झोपेत शरीराचं तापमान हळूहळू उतरत जातं आणि आपसूक जाग येण्याच्या साधारण दोन-अडीच तास आधी तळ गाठतं. या तळाच्या आधी डोळ्यांत उजेड गेला तर घड्याळ पुढे ढकललं जातं, म्हणजे दुसऱ्या दिवशी झोप आणखी उशिरा. तळानंतर गेला तर झोप अलीकडे ओढली जाते. अकराला उठणाऱ्याचा तळ चारचौघांसारखा चार-पाच वाजता नसतो. माझा साडेआठच्या सुमाराला असणार. मी गडावर सात-साडेसातला कोवळं ऊन तोंडावर घेत उभी राहायचे, तेव्हा माझ्या मेंदूच्या हिशेबाने अजून मध्यरात्रही उलटलेली नसायची. त्याने त्या उन्हाचा अर्थ लावला, "अरे, आज संध्याकाळ लांबलेली दिसते." आणि सगळं पाऊण तास पुढे नेऊन ठेवलं.

हे कळल्यावर मी अक्षरशः हसले. मग रडले. मग वही नव्याने आखली.

पहिले तीन आठवडे काहीच बदललं नाही, फक्त नोंदी. कधी आडवी झाले, अंदाजे कधी डोळा लागला, आपसूक कधी जाग आली. आणि मोबाईलवर लक्स (उजेडाचं माप) मोजायचं अ‍ॅप घेतलं. ते अचूक नसतं, पण दहापटीचा फरक त्यालाही कळतो. हॉलमध्ये सोफ्यावर बसून डोळ्यांच्या उंचीवर १६०. ओट्यापाशी २४०. दिवसा खिडकीशेजारी, काचेआड, ७००. आणि गच्चीवर, सावलीत, जानेवारीत साडेदहाला ९०००. सावलीत! घरात "भरपूर उजेड" म्हणतो तो गच्चीपुढे काजवा आहे. आणि मी दिवसभर काजव्यात बसून रात्री दोन-दोन ट्यूबखाली सिरियल बघत होते.

संध्याकाळच्या उजेडाबद्दल जे वाचलं त्याने जास्त हादरले. रात्र झाली की मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्रीची खूण देणारं संप्रेरक, स्रवायला लागतं, ते उजेडाने दाबलं जातं. १९८० मध्ये प्रयोग झाले तेव्हा त्यासाठी २५०० लक्स लागले होते, त्यामुळे बरीच वर्षं समजूत अशी की घरातल्या दिव्यांनी काही होत नाही. पुढे ती समजूत गेली. २०१९ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात मेलाटोनिन निम्म्यावर यायला सरासरी २५ लक्सच पुरले. पण खरी गोष्ट सरासरीत नाही. सगळ्यात संवेदनशील माणसाला ६ लक्स पुरले आणि सगळ्यात निबर माणसाला ३५० लागले. पन्नासपटीहून जास्त फरक, तोही धडधाकट माणसांमध्ये. आणि झोप उशिरा सरकलेल्यांत रात्रीच्या उजेडाची ही संवेदनशीलता जास्त असते, असं २००१ मध्ये जपानी संशोधकांना आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गटाला दिसलं.

म्हणजे एकाच सोफ्यावर, एकाच ट्यूबखाली, मी आणि सासूबाई. त्या साडेदहाला घोरतात. माझ्या मेंदूत दुपारचे चार वाजलेले असतात.

मग बल्ब बदलायला निघाले. पोवई नाक्याजवळच्या दुकानात वॉर्म व्हाइट, तीन वॅटचा मागितला. "पिवळा? देवघराला का?" म्हटलं हॉलला. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यात लाईटबिल, नवऱ्याची नोकरी, सगळं आलं. आपल्याकडे ट्यूब मागितली की ६५०० केल्विनचा पांढराफटक उजेडच हातात ठेवतात, कारण तो "लख्ख" दिसतो. आता रात्री साडेआठनंतर माझ्या कोपऱ्यात पिवळा दिवा, डोळ्यांशी ८ लक्स. हॉलची ट्यूब बंद करणं घरच्या राजकारणात बसेना, म्हणून तिथे बसायचं असेल तेव्हा केशरी काचांचा चष्मा. पहिल्या आठवड्यात तीन जणींनी विचारलं, डोळे आलेत का.

सकाळचं उलटं केलं. गजर लावून पहाटे उठणं बंद. अकराला आपोआप उठायचं आणि लगेच गच्चीवर, अर्धा-पाऊण तास, चहा तिथेच. दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे. अडीच महिन्यांत झोप सव्वाला आणि जाग साडेआठला आली. आयुष्यात पहिल्यांदा दूधवाल्याचा चेहरा बघितला.

जुलैत घसरले. साताऱ्याचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. गच्चीवर छत्रीखाली २५०० भरायचे, आणि मी कंटाळून जाणं बंद केलं. ऑगस्टअखेर परत अडीच. मग पुन्हा पहिल्यापासून. सध्या साडेबारा ते एक, तारखा जवळ नसतील तेव्हा.

इथे कुणाचं असं आहे का? विशेषतः रात्रीच्या उजेडाने झोप उडते असं कुणी वहीत पकडलंय का?

सडाफटिंग | १२ जानेवारी, रात्री १:१०

ताई, झोपेवरचा धागा रात्री १२:५२ ला. प्रयोग यशस्वी म्हणायचा की काय? दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

निशिगंधा_सातारा | १२ जानेवारी, रात्री १:१४

घेतला. पण पिवळा. आणि तुम्ही १:१० ला काय करताय?

आबा_औंध | १२ जानेवारी, पहाटे ४:३५

लेख वाचला. लिहिण्याची हातोटी चांगली आहे. परंतु स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आम्ही गेली पन्नास वर्षे चारला उठतो. कोणते लक्स नाही, कोणती वही नाही. "लवकर निजे, लवकर उठे" हे आमच्या वडिलांनी छडीने शिकवले. मनाचा निग्रह असला की शरीर ऐकते. आजकाल प्रत्येक सवयीला इंग्रजी नाव सापडते आणि मग ती सवय राहत नाही, आजार होतो.

वाईकरीण | १२ जानेवारी, सकाळी ७:२०

निशिगंधा, हे वाचून माझ्या मुलाला उठवायला गेले आणि दारातूनच परत आले.

दहावीला आहे. साडेसहाला क्लास, मग शाळा. रात्री बारा-साडेबारापर्यंत टक्क जागा, सकाळी पाणी मारलं तरी ढिम्म. सातवीपर्यंत असा नव्हता हो. मी सगळा दोष मोबाईलला देत होते, मोबाईल काढून घेतला तर बारापर्यंत पुस्तक घेऊन जागा. आता काय बोलणार?

नेत्रपल्लवी | १२ जानेवारी, दुपारी २:०५

मिरजेत डोळ्यांची डॉक्टर आहे, झोपेची तज्ज्ञ नाही. तरी डोळ्यांचा विषय निघालाय म्हणून लिहिते. वाचनखुणांत टाकण्यासारखा धागा आहे, पण दोन-तीन ठिकाणी ब्रेक लावते.

डोळ्यात पाहण्यासाठीच्या पेशी असतात, दंड आणि शंकू, हे आपण दहावीत शिकलो. पण घड्याळाला उजेडाची खबर मुख्यतः तिसऱ्याच पेशी देतात. पडद्यावरच्या गँग्लियन पेशींपैकी थोड्याशा, ज्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. हे रंगद्रव्य १९९८ मध्ये आधी बेडकाच्या कातडीत सापडलं, आणि या पेशी स्वतःच उजेडाला प्रतिसाद देतात हे २००२ मध्ये सिद्ध झालं. म्हणजे मी एमबीबीएसला जे पुस्तक पाठ केलं त्यात त्या नव्हत्याच. त्या सगळ्यात जास्त चेततात ते निळसर उजेडाने, ४८० नॅनोमीटरच्या आसपास. म्हणून पिवळ्या बल्बला अर्थ आहे. पण पिवळा आहे म्हणून शंभर वॅटचा लावला तर काही उपयोग नाही, कमी असणं जास्त महत्त्वाचं.

याचा पुरावा मला सगळ्यात पटतो तो अंधांचा. दोन्ही डोळ्यांनी उजेडाची जाणीवसुद्धा नसलेल्या बऱ्याच जणांचं घड्याळ मोकाट सुटतं, झोप रोज थोडी पुढे सरकत काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पूर्ण फेरी मारते. पण काही पूर्ण अंध माणसं अगदी वेळेवर झोपतात. १९९५ मध्ये चाइस्लर यांच्याच गटाने दाखवलं की अशा काहींच्या डोळ्यांवर उजेड टाकला की मेलाटोनिन दाबलं जातं, आणि डोळे झाकले की नाही. माणसाला काही दिसत नाही, पण मेंदूला सकाळ झालेली कळते. त्यामुळे "या डोळ्याचा तसाही उपयोग नाही" हे वाक्य मी आता जपून वापरते. काचबिंदूत याच गँग्लियन पेशी मरतात, हेही ध्यानात असू द्या. आणि मोतीबिंदू पिकला की भिंग पिवळं-तपकिरी होऊन निळा उजेड अडवतं. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी पट्टी काढली की आज्या हमखास म्हणतात, "डाक्टरीण बाई, भिंत निळी कधी केली?"

आता ब्रेक. जाग येण्याच्या वेळेवरून तापमानाचा तळ काढणं हा अंदाज आहे. नीट मोजायचं तर मंद उजेडात बसवून दर अर्ध्या-एक तासाने लाळ घेतात आणि मेलाटोनिन कधी चढायला लागलं ते बघतात. २०१७ मध्ये अशी मोजणी केली तेव्हा उशिरा झोपेचं निदान झालेल्यांपैकी ४३ टक्के लोकांचं मेलाटोनिन वेळेवरच चढत होतं! म्हणजे त्यांचं घड्याळ बरोबर होतं, अडचण दुसरी होती. काळजी असेल, सवय असेल, नैराश्य असेल. तेव्हा धागा वाचून प्रत्येकाने स्वतःला हे लेबल चिकटवू नये.

दुसरं, अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या त्रासासाठी योग्य वेळी दिलेल्या मेलाटोनिनला सौम्य पाठिंबा आहे. उजेडाच्या उपचाराला मुलांसाठी आहे, मोठ्यांसाठी पुरेसा पुरावा नाही असं म्हटलंय. मेलाटोनिन झोपताना घ्यायची झोपेची गोळी नाही, ते काही तास आधी, अगदी कमी मात्रेत घ्यायचं असतं, आणि वेळ चुकली तर तुमच्या गडासारखंच होतं. डॉक्टरांना विचारूनच.

तिसरं, ज्यांना बायपोलरचा त्रास आहे त्यांनी प्रखर उजेडाचे प्रयोग स्वतःहून करू नयेत, उन्मादाचा झटका येऊ शकतो. आणि सूर्याकडे थेट कुणीही बघू नका. गच्चीवर बसणं पुरतं. दरवर्षी कुणीतरी त्राटक करून येतं.

निशिगंधा_सातारा | १२ जानेवारी, दुपारी ४:४०

डॉक्टर, मनापासून आभार. ४३ टक्क्यांचं माहीत नव्हतं, वरच्या लेखात मी जरा जास्तच खात्रीने लिहिलंय. लाळेची तपासणी इथे कुठे जमते का तेही बघते.

आबा, राग नाही. पण एक सांगू का? २००१ मध्ये अमेरिकेतल्या यूटामधल्या एका कुटुंबाचा अभ्यास छापून आला. ती माणसं संध्याकाळी साडेसातला पेंगायची आणि पहाटे साडेचारला जागी. पिढ्यान्‌पिढ्या. त्यांच्या पर-टू नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल निघाला. आणि २०१७ मध्ये, ज्या मायकेल यंग यांना त्याच वर्षी नोबेल मिळालं त्यांच्या प्रयोगशाळेने उशिरा झोपणाऱ्यांच्या काही कुटुंबांत क्राय-वन या जनुकातला बदल शोधला, त्याने घड्याळ सुमारे अर्धा तास लांबतं. ते वाचताना मला बाबांची रात्रपाळी आठवली. माझ्यात तो बदल आहे की नाही देव जाणे, तपासलेला नाही. पण तुम्ही आणि मी एकाच रांगेची दोन टोकं असू, एवढंच. तुमच्या टोकाला निग्रह म्हणतात आणि माझ्या टोकाला आळस.

चाळीस दिवस गड चढण्याइतका निग्रह माझ्यातही होता हो आबा.

कृष्णाकाठ | १२ जानेवारी, रात्री ८:५५

वाळवा तालुक्यातला शेतकरी. ताई, तुमचं ते झोप रोज तीन तास पुढं ढकलायचं वाचून हसू आलं. आमच्याकडं महावितरणच्या वेळापत्रकावर घड्याळ चालतंय. एक आठवडा थ्री फेज लाईट दिवसाची, पुढच्या आठवड्यात रात्रीची. रात्री बाराला लाईट आली की उसाला दारं धरायला जायचं. पायात बूट, हातात बॅटरी, शिराळ्याच्या बाजूला तर बिबट्याचं भ्याव. सकाळी आठला घरी येऊन झोपलो की अकराला कुणीतरी उठवतंय, खताचा ट्रक आलाय. सौर वाहिनीची दिवसाची लाईट काही गावांत आली, तिथली माणसं टवटवीत दिसायला लागली आहेत, बघा.

पण एक गंमत सांगतो. रात्रीचा आठवडा नसला की आम्हाला नऊला झोप. ट्यूब असू दे, टीव्ही असू दे, शेजारी डीजे असू दे. हे असं का?

दुसरं, उजेडाचं म्हणाल तर हे माणसाला आत्ता कळलं, आम्हाला कोंबडीनं शिकवलंय. मेव्हण्याची लेअरची पोल्ट्री आहे. अंड्यावरच्या पक्ष्याला रोज सोळा तास उजेड लागतो, दिवस लहान झाला की पहाटे दिवे लावून भरून काढायचे. एक दिवस टायमर बंद पडला तर मेव्हणा स्वतः चारला उठून बटण दाबतो. शेजारच्या ड्रॅगनफ्रूटवाल्यानं थंडीत बागेत रात्री बल्ब लावलेत, झाडाला वाटावं उन्हाळा आलाय, म्हणजे बिगर हंगामी कळी निघते. लांबून बघितलं तर यात्रा भरल्यासारखी दिसते. कोंबडीच्या आणि झाडाच्या उजेडाचा एवढा हिशेब, आणि पोराच्या अभ्यासाच्या खोलीत कुठला दिवा हाय ते कुणाला ठाऊक नाही.

निशिगंधा_सातारा | १२ जानेवारी, रात्री १०:१५

दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक तुमच्या शेतातच आहे. दिवसा भरपूर उजेड मिळालेल्या माणसाला रात्रीच्या दिव्याचा त्रास कमी होतो. तुम्ही दहा तास उन्हात, त्यापुढे तुमच्या मेंदूला हॉलची ट्यूब म्हणजे पणती. मी दिवसभर खोलीत संगणकापुढे, मला तीच ट्यूब म्हणजे दुपार. २०१३ मध्ये अमेरिकेत कोलोराडोच्या केनेथ राइट यांनी आठ जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत नेऊन ठेवलं, बॅटरीसुद्धा नाही, फक्त सूर्य आणि शेकोटी. आठवड्यात त्यांचं घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे आलं, आणि रात्री जागणाऱ्यांचं सगळ्यात जास्त.

कोंबड्यांचं मात्र वेगळं आहे असं वाचलंय. पक्ष्यांच्या मेंदूतच उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात, उजेड कवटीतून थेट आत जातो, आणि तिथे तांबडा उजेड जास्त पोचतो. आपल्याला डोळ्यांवाचून गत्यंतर नाही.

तिसरी_पाळी | १३ जानेवारी, सकाळी ९:३०

कुपवाड एमआयडीसी. आता सुटून आलोय, नाश्ता करून झोपतो, त्याआधी लिहितो.

आमच्याकडे पाळी आठवड्याला बदलते, आणि उलटी. आधी तिसरी, मग दुसरी, मग पहिली. म्हणजे दर आठवड्याला आधीपेक्षा आठ तास लवकर झोपायचं. निशिगंधा म्हणतात तसं घड्याळ जर मुळातच २४ तासांपेक्षा जरा मोठं असेल तर पुढे जाणं सोपं आणि मागे येणं अवघड, बरोबर ना? मग पहिली, दुसरी, तिसरी अशी फिरवली तर? सुपरवायझरला बोललो. म्हणाले, तू झोपेचा डॉक्टर कधीपासून झालास.

नेत्रपल्लवी | १३ जानेवारी, रात्री ९:४०

तुमचा तर्क बरोबर आहे आणि तो आधीच तपासून झालाय. १९८२ मध्ये यूटातल्या एका खनिज कारखान्यात पाळ्या पुढच्या दिशेने फिरवून आणि एक पाळी जास्त दिवस ठेवून बघितलं. कामगार जास्त समाधानी, उत्पादनही वाढलं. सुपरवायझरना उत्पादनाचं सांगा, झोपेचं नको.

आणि सकाळी गाडीवर घरी येताना गडद गॉगल घालून झोप टिकते असं म्हणतात खरं, पण रात्रभर जागून डोळ्यांवर झापड असताना तो घालून दुचाकी चालवू नका. घरी पोचून खोली काळी करा.

सडाफटिंग | १३ जानेवारी, रात्री ११:२०

आता जरा गंभीर. आपल्या सगळ्यांवर एक अन्याय कायमचाच आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची. सातारा ७४ वर, म्हणजे साडेआठ अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य घड्याळाच्या ३४ मिनिटं मागे. सांगलीचा ३२. या दिवसांत सातच्या पुढे उजाडतं. वाईकरीणताईंचा मुलगा साडेसहाला क्लासला बसतो तेव्हा बाहेर अंधार, आणि शरीराच्या हिशेबाने वाजलेले असतात सहाला चार मिनिटं कमी. आसामच्या चहामळ्यांनी घड्याळ एक तास पुढे करून "बागान टाईम" केला. आपण द्राक्षबागांसाठी अर्धा तास मागे करून "तासगाव टाईम" करू.

अवांतर: अंधारात कोंडलं तरी संगत वेळ शिकवते. मदुराईला एम. के. चंद्रशेखरन यांच्या गटाने गुहेत पिंजऱ्यात ठेवलेल्या वटवाघळांवर प्रयोग केले होते. आत मिट्ट काळोख, तरी बाकीची वटवाघळं संध्याकाळी बाहेर पडायची आणि पहाटे परतायची त्या वर्दळीवरून पिंजऱ्यातल्यांचं घड्याळ जुळून राहायचं. वर्दळ नसलेल्या गुहेत ठेवली की सुटायचं. मी बॅचलर आहे, एकटा राहतो, १:१० ला का जागा असतो त्याचं उत्तर मिळालं.

वाईकरीण | १४ जानेवारी, दुपारी ३:००

आधी सगळ्यांना तिळगूळ घ्या.

क्लासच्या सरांशी बोलले. त्यांना सांगितलं की सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका असा आदेश काढलाय. ते म्हणाले, "तो लहान मुलांसाठी आहे, तुमचा आता मोठा झाला." हेच तर डोक्यात जातं. लहान मुलं तशीही सहाला उठून आपल्या छातीवर बसतात! घड्याळ पुढे सरकतं ते वयात येताना, आणि तेव्हाच आपण पहाटेचे क्लास लावतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी २०१४ मध्येच सांगितलंय की मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी नको. संध्याकाळची बॅच आहे का विचारलं, तर "हुशार मुलं सकाळीच येतात" हे उत्तर.

त्याच्या खोलीतली ट्यूब काढून टेबलावर पिवळा दिवा लावलाय, भिंतीकडे तोंड करून. रविवारी दुपारपर्यंत झोपू द्यायचं की नाही, एवढं सांगा कुणीतरी.

निशिगंधा_सातारा | १४ जानेवारी, रात्री ९:१०

तीळगूळ पोचला. माझ्या वहीवरून सांगते, रविवार घात करतो. दुपारी एकपर्यंत झोपलं की सकाळचा सगळा उजेड बुडतो आणि सोमवारची पहाट आणखी तळाच्या अलीकडे येते. पण आठवडाभराच्या झोपेची थकबाकी असते, ती न देणं हाही अन्यायच. मी स्वतः रोजच्यापेक्षा तासभर जास्त, त्याहून नाही असं ठेवलंय. तुमचा मुलगा उठला की खायला गच्चीवर द्या. पोहे असतील तर येतोच.

कृष्णाकाठ | १५ जानेवारी, रात्री ८:३०

ताई, ओसरीला पण पिवळा बल्ब लावला. झोपेचं कळेल तेव्हा कळेल, पाखरं मात्र निम्म्यानं कमी झाली. आई म्हणते हे आधी का नाही केलं.

आबा_औंध | १६ जानेवारी, पहाटे ४:४०

तीन दिवस प्रतिसाद वाचतो आहे. ते यूटाचे कुटुंब संध्याकाळी साडेसातला पेंगायचे हे वाचून सौभाग्यवती खूप हसल्या. त्यांचे म्हणणे, लग्नाच्या वरातीतसुद्धा आम्ही बसल्या जागी डुलत होतो.

आमच्या घरी धाकटी सून आहे. शिक्षिका आहे, शाळा दुपारची. रात्री उशिरापर्यंत वह्या तपासते आणि सकाळी साडेपाचच्या आमच्या हाकेने उठते. चहासाठी. तोंडाने कधी काही बोलली नाही. काल रात्री तिला सांगितले की उद्यापासून हाक मारणार नाही, चहा आम्ही करू. आज पाच मिनिटे ओट्यापुढे उभा आहे. साखर सापडली, पातेले सापडले. आल्याची किसणी सापडत नाही, आणि आता हाक मारता येत नाही.

वाईकरीण | १६ जानेवारी, सकाळी ६:०५

आबा, ओट्याखालच्या दुसऱ्या खणात, लाटण्याच्या मागे बघा. सगळ्यांच्या घरी तिथेच असते.